विमानाच्या नाकातली पुरचुंडी

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार

ती. भागीआत्यास,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे वाद नको.

१. रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझं विमान पहिल्यांदा उडालं. सहा मिनिटं चाळीस सेकंद हवेत होतं. सरळ उतरलं.
२. बॅटरी बदलायला मी नाकाचं झाकण उघडलं. आत लाल फडक्याची पुरचुंडी निघाली.
३. ती मी काढून तुझ्या हातात दिली.
४. विमान दुसऱ्यांदा उडवलं. चार सेकंद.
५. तू न जेवता सव्वाच्या वणी गाडीने निघून गेलीस.

आता नमस्कार. साष्टांग वेगळा घालत नाही, कारण रविवारी पडलेलं विमान शोधताना ठिबकच्या नळीत पाय अडकून माझी आठही अंगं वावरात टेकून झाली आहेत. तोच तुझ्या नावे धर. हिरामणमामांचा गुडघा कसा आहे? तुझी साखर तपासलीस का? (ती उपाशीपोटी तपासायची असते. उपाशीपोटी गाडीत बसून वणीला जायचं नसतं.) इकडे सगळे बरे आहेत. तुझ्यासाठी केलेले आईचे शेंगोळे फ्रिजमध्ये आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. समाधानदादा टोमॅटो घेऊन मार्केटला आला आहे. वणीला परतताना हे पत्र तुला देईल.

मुळापासून सांगायचं तर दोष थर्माकोलचा आहे असं आप्पा म्हणतात, ते खरं नाही. (ते थर्माकोल नाहीच. तो फोम बोर्ड आहे. दोन्ही बाजूंनी कागद असतो, कापता येतो, दुमडता येतो, गरम गोंदाने चिकटतो. हे मी या घरात आतापर्यंत नऊ वेळा सांगितलं आहे.) पाच मोठे बोर्ड स्कूटरवर आडवे बांधून मी द्वारका चौकातून आणत होते, तेव्हा शेजारून एक कंटेनर गेला आणि मी माझी काही इच्छा नसताना रस्त्याच्या दुसऱ्या कडेला पोचले. पहिलं उड्डाण खरं तर तेच. पुढे सहा आठवडे कंपनीतून आल्यावर मी स्वयंपाकाच्या ओट्यावर कापाकापी केली. पोळीत फोमचा तुकडा सापडल्यावर आईने मला ओट्यावरून पडवीत हलवलं. आप्पांनी विचारलं, यातून औषध फवारता येईल का. (सगळं मिळून विमान चारशे ऐंशी ग्रॅमचं. फवारलंच तर एका झेंडूच्या रोपाला पुरेल.) वाल्मीककाका रोज संध्याकाळी येऊन एकदा विमानाभोवती फिरायचे आणि म्हणायचे, "माणूस बसत नाय, औषध मारत नाय, मंग हे करतं काय?" उत्तर माझ्याकडे होतं. कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजते आणि चुकलेले परत पाठवते. स्वतः काही बनवत नाही. एकदा बनवून पाहायचं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नव्हतं, आता लिहिते आहे.

शनिवारी तू आलीस, पिठाच्या डब्यावर ठेवलेलं विमान पाहिलंस आणि म्हणालीस, "मखर झ्याक केलंस गं, पण गणपती तं कवाच गेले." ते विमान आहे असं कळल्यावर तू एकच विचारलंस, "उडंल का?" मी म्हटलं, गणिताप्रमाणे उडायला हवं. "मंग झालं," म्हणालीस आणि भाकरी थापायला बसलीस. सहा आठवड्यांत उपयोग न विचारणारी तू एकटी.

तुझ्या पुरचुंड्या मला नव्या नाहीत. देवीच्या गडावरचं कुंकू, सुपारी, हळकुंड, लाल फडकं, वर सात गाठी. एक पंपाच्या स्टार्टरला आहे, एक फ्रिजच्या मागे आहे, समाधानदादाच्या मोटारसायकलच्या सीटखाली दोन आहेत (तो चालवतो कसा हे पाहता संख्या योग्य आहे). पण विमानात तू ती कधी ठेवलीस ते कळलं नाही. झाकण उघडायला नख एका विशिष्ट कोनात घालावं लागतं. आप्पांना तीन वेळा दाखवूनही जमलेलं नाही. तुला कोणी न दाखवता जमलं. याची मी नोंद घेतली आहे.

आता रविवार. वाल्मीककाका, सविताकाकू, झेंडू तोडायला आलेल्या बायका, सगळे मिळून दहा-बारा जण टोमॅटो उपटून मोकळ्या केलेल्या वावरात उभे होते. त्या सगळ्यांसमोर मी पुरचुंडी तळहातावर घेऊन म्हणाले, "आत्या, इथे एकेक ग्रॅम मोजलेला आहे. असलं काही मधे घालायचं नाही." वाक्यात चूक नव्हती. आवाज मात्र कंपनीतला होता, नापास झालेला भाग परत देतानाचा. तू "बरं बाई" म्हणालीस आणि पुरचुंडी पिशवीत टाकलीस. नंतर मी विमान सोडलं. नाक वर गेलं, विमान गुढीसारखं उभं राहिलं, क्षणभर तसंच थांबलं आणि शेपटीवर खाली येऊन झेंडूत पडलं. वाल्मीककाका म्हणाले, "कुंकू काढलं, आलं खाली." हे वाक्य ते आता मखमलाबादपासून म्हसरूळपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर म्हणतात. सविताकाकूने तर मला विचारलं की मिक्सरमध्ये पुरचुंडी ठेवली तर मोटर जळायची थांबेल का. भांड्यात ठेवू नका, एवढंच मी सांगितलं. काकांचा निष्कर्ष चुकीचा आहे, पण मला तो खोडता येत नव्हता. दोन उड्डाणं, मधे एकच बदल. पुरावा थोडा आहे, पण आहे तेवढा त्यांच्या बाजूने आहे.

म्हणून सोमवारी मी सगळं पुन्हा मोजलं. विमानाचा तोल पंखाखाली एका ठरलेल्या जागी यावा लागतो. तिथे दोन बोटांवर धरलं की ते आडवं राहिलं पाहिजे. ज्या नकाशावरून विमान कापलं, त्यात ही जागा पंखाच्या न दुमडलेल्या पुढच्या कडेपासून पंचावन्न मिलिमीटरवर दाखवली होती. मी कड दुमडल्यानंतर मोजली. फरक बारा मिलिमीटर. म्हणजे शेपूट जड. (बारा. कंपनीत मी दोन शतांश मिलिमीटरसाठी लोकांचे भाग परत पाठवते. हे तुझ्यामाझ्यात राहावं.) तो फरक भरून काढायला नाकात किती वजन हवं याचं गणित केलं. उत्तर आलं तेवीस ग्रॅम. तू चष्मा न लावता, काही न मोजता, बरोबर त्या जागी वजन ठेवलं होतंस. विमान कुंकवाने उडालं असं मी म्हणणार नाही. ते वजनाने उडालं. पण वजन तुझं होतं.

तेव्हा रविवारी माझी दोन मापं चुकली. एक पंखाचं. दुसरं, दहा माणसांत तुला काय बोलावं याचं.

आता काम. ती पुरचुंडी गाठी न सोडता काळूच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेव आणि आकडा मला कळव. (तो काटा पाच ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. सोनाराकडे गेलीस तर उत्तम.) "असंल ईस-पंचवीस" असं उत्तर चालणार नाही.

मामांना नमस्कार सांग.

तुझी,
प्रतिभा

ता. क. पाकीट गरम गोंदाने बंद केलं आहे. फाटलेलं मिळालं तर समाधानदादाने वाटेत वाचलं असं समज. दादा, वाचत असशील तर गाडी बाजूला घेऊन वाच, आणि सीटखालच्या दोन्ही पुरचुंड्या तशाच राहू दे.

ता. क. २. पुरचुंडीचं वजन मला खरं म्हणजे नको आहे. बॅटरी थोडी पुढे सरकवली तरी तोल साधतो. सोमवारीच करून पाहिलं. विमान दोन बोटांवर आडवं राहिलं. मग बॅटरी परत मागे घेतली. नाकातली जागा रिकामी आहे.

ता. क. ३. दहावीला तू माझ्या कंपासपेटीत पुरचुंडी लपवली होतीस. ती मला पहिल्याच पेपरला सापडली. बोलले नाही. पेटी आता कंपनीत माझ्या खणात असते आणि पुरचुंडी तिच्यात आहे. काल ती तिथल्या काट्यावर ठेवली. अकरा ग्रॅम. म्हणजे गणित बरोबर असेल तर विमानाची तू माझ्या दुपटीहून मोठी बांधलीस. यावर मला काही म्हणायचं नाही.

रविवारी सकाळी सातला वारा कमी असतो. झाकणाची युक्ती घरात दुसऱ्या कोणाला जमत नाही, त्यामुळे पुरचुंडी तुलाच ठेवावी लागेल. शेंगोळे आई पुन्हा करणार आहे. येणार की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव.