ठिपक्यामागचं फोल्डर

मंगळवार, ४

आधी कालची चूक. काल मी लिहिलं की माझ्या आधीची मुलगी नोकरी सोडून गेली. तसं मला कुणी सांगितलेलं नाही. चौकीदारकाका एवढंच म्हणाले की ही खुर्ची चार महिने रिकामी होती. पुढचं मीच जोडलं. आत्या म्हणायची, ऐकलेलं आणि धरून चाललेलं एका ओळीत लिहू नये. दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे घर आणि शिक्षिका म्हणजे आत्या, त्यामुळे असल्या गोष्टी अंगात मुरल्या आहेत.

बाकी सगळं फार छान आहे! टेबलावर दुपारपर्यंत ऊन असतं, पंखा कुरकुरत नाही. कारखान्याच्या तपासणीचे अहवाल लावून ठेवायचे, एवढंच काम. माउस नाहीच, सगळं कळफलकावरच्या अक्षरांनी. काळ्या पडद्यावर तीन रकाने: डावीकडे वरचं फोल्डर, मध्ये आपण आहोत ते, उजवीकडे निवडलेल्या फाइलची झलक. जे खाली, के वर, एच मागे, एल आत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोटं पळायला लागली. काकांनी डोकावून विचारलं, पोरी, तू काम करतेस की पियानो वाजवतेस?

बुधवार, ५

विभागाच्या साहेबांनी सेटिंगची फाइल माझ्या हवाली केली. कुठल्या कळीनं काय व्हावं, ते त्यात एकेका ओळीत लिहायचं. एकच फाइल सगळ्या पडद्यांना लागू होते. प्रत्येक ओळीशेजारी मी कारण आणि तारीख लिहिते, म्हणजे पुढच्या माणसाला कोडं पडत नाही.

साहेबांची अट एकच: डी दाबला की फाइल कायमची जावी. प्रोग्राम ‘नक्की?’ असं विचारतो, ते न वाचताच साहेब वाय दाबतात. डी, वाय. डी, वाय. पापणीसुद्धा लवत नाही. मी चाचरत सुचवलं की आधी कचरापेटीत टाकू, महिन्याभरानं पुसू. ते म्हणाले, बाई, आमच्याकडे रद्दी जपायची पद्धत नाही.

ठिपक्यानं सुरू होणारी नावं एरवी लपलेली असतात. ती दाखवायला मी एक कळ बसवली. उगाच, माझ्या समाधानासाठी.

शुक्रवार, ७

लपलेल्यांत एक फोल्डर आहे. ठिपका, आणि पुढे नुसती चार महिन्यांपूर्वीची तारीख. आत सहा तक्रारी, सगळ्या माझ्या आधीच्या मुलीच्या, साहेबांना लिहिलेल्या. संगणकांच्या थंड खोलीच्या दाराची आतली कडी तुटली आहे, दुरुस्त करा.

काकांना विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग खाली मान घालून सगळं बोलले. त्या खोलीत आग लागली की वायू सुटतो आणि हवा बाहेर ढकलतो. आग विझते; माणूस आत असेल तर तोही विझतो. साहेबांनी आत कोण आहे हे न बघता वायूची चाचणी घेतली. ती आत होती. चौकशीत साहेब म्हणाले, पोरगी वेंधळी होती. तक्रारी? कसल्या तक्रारी?

साहेबांनी त्या पुसल्या असणार, आणि डीनं गेलेली फाइल परत येत नाही. मी तीनदा करून पाहिलं. मग या सहा कुठून आल्या?

सोमवार, १०

थंड खोलीत जाऊन आले, दारात पाचर ठोकून. कडी अजून तुटलेलीच आहे. मी तक्रार लिहून साहेबांकडे पाठवली.

परत येऊन पाहते तर ठिपक्यामागे सातवी फाइल. तारीख आजची. झलकेत एकच वाक्य, पडदा भरून खालपर्यंत: दार उघडा. दार उघडा. दार उघडा.

मी पुसली नाही. पुसवेना.

मंगळवार, ११

माझी तक्रार साहेबांनी माझ्यासमोरच उडवली. डी, वाय. म्हणाले, आधीचीलाही कागद रंगवायची भारी हौस होती. मग सांगितलं, सोमवारी अकरा वाजता थंड खोलीतल्या तारांची यादी करायला तूच जायचं. चाचणी कधी आहे, विचारलं. सोमवारीच. मी बोलायला गेले तर म्हणाले, भित्री भागूबाई, तुला आत विसरीन होय?

निघताना पाहिलं. आठवी फाइल. माझीच, उडवलेली तक्रार.

बुधवार, १२

सेटिंगमध्ये एक ओळ जास्त आहे. थंड खोलीतल्या पडद्यावर डी दाबला, की दाराला कुलूप आणि वायू सुरू. शेजारी कारण आणि तारीख. थेट माझ्यासारखं. कारण: ‘सहा वेळा सांगितलं.’ तारीख येत्या सोमवारची.

मी लिहिलेली नाही. काढून टाकली.

गुरुवार, १३

ओळ परत आली. काढली. पाणी पिऊन आले — परत. जे दाबला नव्हता, के नाही, तरी कर्सर खाली खाली सरकत तिच्यावरच — खुर्चीची पाठ गारठली आहे. खांद्यावरून कुणीतरी वाचतंय. वळून बघणार नाही.

कारण बदललंय. ‘आठ वेळा सांगितलं.’

आठवी तर माझी —

शुक्रवार, १४

आज काढली नाही.

साहेबांना म्हटलं, थंड खोलीतल्या पडद्यावर जुन्या तक्रारी दिसताहेत, माझ्या हातून पुसल्या जात नाहीत. क्षणभर रंग उडाला त्यांचा. मग हसले. एवढी शिकलेली आणि एक कळ दाबता येत नाही? यादी राहू दे. चाचणीच्या आधी मीच जातो, चुटकीसरशी —

हो म्हटलं. आवाज कापला नाही. माझाच होता का —

बोटं गार. तरी लिहिताहेत, अजून न आलेला सोमवारसुद्धा. थांबत नाहीत —

सोमवार, १७. सकाळी अकरा. ते आत. मी बाहेर, दाराला कान लावून. त्यांनी ठोठावलं, की मी उघडणार नाही —