चौथ्या होलची बोडी

चिखला, १२ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळ

खाणीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर गोल्फचा खेळ आलाय, त्यात मैदान आपणच आखायचं असतं. मी नऊ होल आखले आणि खेळणाऱ्यांनी बिननावानं मत लिहावं म्हणून शेजारी वही ठेवली. आज उघडली. 'चौथा होल म्हणजे शहापूरच्या बोडीची नक्कल. चेंडू पाण्यातच जातो. आखणाऱ्याला अक्कल नाही.'

बोडी! पडद्यावर तर नुसता निळा ठिपका आहे. गावच्या ज्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, मी आणि विलास लहानपणी पोहायला शिकलो, तीच मी काढली, हे फक्त त्यालाच सांगितलं होतं. तेव्हा पाठीवर थाप मारून म्हणाला, "लय मस्त बनवलं बे, काहीच बदलू नोको."

मघाशी घरी आला. चहा पिता पिता मलाच विचारतो, "कोनं लिहिलं असंल बे?"

"काय मालूम," म्हणालो. काहून म्हणालो असं? चेंडू खरंच पाण्यात जातो, तपासलं मी. त्यानं तोंडावर सांगितलं असतं तर हसत हसत बोडी बुजवली असती.

आता नाही बुजवणार. उद्या सकाळी त्या होलला नाव देतो, 'विलासची बोडी'. मग विचार म्हणावं, कोनं लिहिलं.