पोत्याच्या तोंडाची गाठ

८ ऑक्टोबर
छप्पर उडालं. दुकानाचं – घराचं नाही. शिलाई मशीन भिजलंय, तेल घालून ठेवलं. चक्रीवादळ म्हणे! समुद्र कुठे, आम्ही डोंगरातले कुठे! वरच्या वस्तीचा रस्ता, पूल, सगळं वाहून गेलंय. ताई तिथे. फोन लागत नाही.

९ ऑक्टोबर
फोन नाही.

११ ऑक्टोबर
शाळेत मदतीचा ढीग येऊन पडलाय. मुख्याध्यापिकाबाईंनी मला कपड्यांवर बसवलं – "तुम्ही शिवणकाम करता, तुम्हाला कळतं त्यातलं." यात काय कळायचंय? चिखलात उभ्या माणसांना कुणी उंच टाचांच्या चपला पाठवल्यात. एक पोहायचा पोशाखसुद्धा! बाई म्हणाल्या, "असू द्या हो, मनापासून दिलंय." मन आहे, डोकं नाही.

चांगलं तेवढं निवडते, पोत्यात भरते, तोंड बांधते. खेचरवाला पोती खिंडीपर्यंत नेतो. पुढे वरचे लोक येऊन उचलतात.

१३ ऑक्टोबर
खेचरवाल्याला ताईचं विचारलं.
"नदीकडची आळी ना? ती गेली हो, काकू." मग चाचरत, "माणसं निघाली असतील. वर जिथे जागा मिळेल तिथे पांगलीत. कोण कुठे, काही पत्ता नाही."
चहा पिऊन गेला. मी पुन्हा पोती भरायला बसले.

१४ ऑक्टोबर
रिकामी पोती परत आली, पुन्हा भरायला. दोऱ्या झाडून सगळ्या सुरीने कापलेल्या. बाई वैतागल्या – "अहो, साधी गाठ मारा ना! तुमची कुणाला सुटत नाही. रोज नवी दोरी आणू कुठून?" हो म्हटलं. पुन्हा तीच मारली.

ही आईची गाठ. आई गवताचे भारे बांधायची, तेव्हाची. एक टोक ओढलं की झटकन सुटते, दुसरं ओढलं की आवळते. आम्हा दोघी बहिणींनाच शिकवली. ताई डावखुरी, त्यामुळे तिची गाठ उलट्या टोकाने सुटायची. आई हमखास चुकीचं टोक ओढायची, मग ओरडायची – "उलट्या हाताची कुठली!" ताई नुसती दात काढायची.

साधी गाठ काय, कुणीही मारतं. ही दिसली तर ताई ओळखेल. कापणार नाही, सोडेल.

१६ ऑक्टोबर
दोऱ्या कापलेल्याच. हे म्हणाले, "दोन घास खा." खाल्ले. भीती वाटते. दुकानावर ताडपत्री टाकून घेतली.

१७ ऑक्टोबर
बाईंनी प्लास्टिकच्या पट्ट्या मागवल्या. उद्या दुपारपासून त्याच लावायच्या, दोरी बंद. वाद घातला नाही. त्यांचंही खरंच आहे.

१८ ऑक्टोबर
या खेपेला रिकामी पोती नीट घडी घालून, एका गठ्ठ्यात. दोरीने बांधलेली. "वर कुणीतरी शहाणं माणूस भेटलेलं दिसतंय," खेचरवाला म्हणाला. मी टोक ओढलं. गाठ आवळली. बाई कात्री घेऊन आल्या. "थांबा!" – एवढ्या मोठ्यांदा ओरडले की दारातलं खेचर बुजलं.
दुसरं टोक ओढलं. झटकन सुटली.
उलट्या हाताची कुठली!