मासे वर का येतात

प्रिय आई,

हे पत्र हातात पडताच तू आधी चष्मा शोधशील आणि मग फोन उचलशील, की जयपुरातल्या जयपुरात, मालवीय नगरहून खातीपुऱ्याला पत्र कशाला, रविवारी येतेसच ना! फोन करू नकोस, आधी वाच. अभिषेकलाही बजावलंय, पत्र दे आणि नीघ. जावयाला चहाशिवाय पाठवणं तुझ्या जिवावर येईल, पण आजचा दिवस चालवून घे. तोंडी बोलायला लागले की माझ्या मराठीत 'मतलब' आणि 'लेकिन' घुसतात आणि तू मुद्दा सोडून माझी भाषा दुरुस्त करत बसतेस. त्यातून अवघड काही निघालंच, तर गॅसवर दूध ठेवलंय म्हणून आत पळतेस. पत्रातून कुठे पळशील? विषय आपल्या गुमानसागर तळ्याचा आहे, म्हणजे तुझ्या सकाळच्या कणकेचाच.

बाबांना पहिला झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि शेजारच्या माथुर आंटींनी माशांना आट्याच्या गोळ्या घालायला सांगितल्या, ग्रह शांत होतात म्हणून. बाबांनी जन्मभर फिजिक्स शिकवलेलं, ते किती हसले होते! पण तू ऐकलं दोघांचंही. उजाडायच्या आत कणीक मळायचीस, चिमूटभर हळद घालून, आणि गोळ्या वाटाण्याएवढ्याच करायचीस. मोठी गोळी घशात अडकली तर, म्हणायचीस. माशाच्या घशाची काळजी करणारी सगळ्या जयपुरात तू एकटीच असशील. बाबांना पुण्यबिण्य नको होतं, पण घाटाच्या पायरीवर बसून ते तुला बघायचे. तू डबा उघडण्याआधीच पाण्यावर शेकडो तोंडं उघडमीट करायला लागायची आणि बाबा म्हणायचे, प्रभा, बघ, तुझी पोरं आली. सुट्टीत घरी असले की मीही यायचे तुमच्याबरोबर. तुम्ही दोघं तिथे जितके आनंदात असायचात तितके घरात क्वचितच दिसलात, हे आज सांगून टाकते.

बाबा गेल्यावर तू तो सगळा हिवाळा पडदे ओढून बसलीस. मी रागावले, लाडीगोडी लावली, अकोल्याच्या मावशीला बोलावून घेतलं, पण तू काही जिना उतरली नाहीस. काहून जीव खाता माझा, एवढंच म्हणायचीस. आणि मग एके सकाळी तुझाच फोन आला, की तळ्यावर जाऊन आले, मुरलीधर चौकीदार म्हणाला, मछलियाँ आपको पहचानती हैं, माताजी, इतने दिन कहाँ थीं. तू हे हसत सांगत होतीस. फोन ठेवला आणि मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. तुला घराबाहेर मी काढू शकले नाही, त्या माशांनी काढलं. हे विसरले नाही म्हणून तर इतके महिने तोंड शिवून बसले होते.

तळ्याच्या सुधारणेच्या कामावर मला घेतलं, तेव्हा तुला कोण अभिमान वाटला होता! पाण्याचे नमुने घेते म्हणजे नक्की काय करते, हे मात्र तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तुमच्या घाटावरून तळं छानच दिसतं. पलीकडे बाभळींच्या मागे नाला उतरतो, तो तुम्ही कोणी बघितलेला नाही. वरच्या नव्या कॉलन्यांची गटारं त्यात, गॅरेजांचं काळं तेल त्यात, आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी सोडलं की नाला कधी जांभळा तर कधी मेंदीसारखा हिरवा. पहिल्या दिवशी मी नाकाला ओढणी लावून उभी होते, आता सवय झाली. अशा गोष्टीची सवय व्हावी याचंच वाईट वाटतं.

उन्हाळ्यात तू मावशीकडे होतीस आणि मी आणखी आठवडाभर थांब म्हणून तुझ्या मागे लागले होते, आठवतं? उन्हाचं निमित्त सांगितलं होतं. ऊन नव्हतं गं कारण. एका सकाळी घाटापासून बाभळींपर्यंत नुसते मेलेले मासे तरंगत होते, पांढरी पोटं वर करून. ते उचलायला चार दिवस लागले. त्या कुजलेल्या चिखलातले किडे खाऊन मग पक्षी आजारी पडले. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या तुला आवडतो ना, तसा एक काठावर बसला होता, त्याला मान उचलता येईना. मी आणि माझ्या हाताखालचा परीक्षित, आम्ही त्याला सावलीत नेलं, मान हातावर धरून ठेवली, ड्रॉपरने थेंब थेंब पाणी पाजलं. मान पाण्यात गेली की बुडून मरतात बिचारे, धरून ठेवली तर काही वाचतात. तो वाचला. बाकीचे बहुतेक गेले. तू परत आलीस तेव्हा तळं साफ दिसत होतं, आणि तू मला म्हणालीस, या वर्षी मासे कमी वाटतात गं. मी हो म्हणाले आणि चहा प्यायले.

आता जे लिहायचंय ते एका दमात लिहिते. आई, मासे तुला भेटायला वर येत नाहीत. भुकेने तर नाहीच. पाण्यात जे जे कुजतं, ते पाण्यातली हवा खातं. रात्रभरात ती संपत येते आणि पहाटे तर जवळजवळ उरतच नाही. म्हणून मासे वर येऊन तोंडं उघडतात, श्वासासाठी. आपल्याला वाटतं, किती भुकेली आहेत, आणि आपण आणखी गोळ्या टाकतो. घाटावर रोज शेकडो माणसं येतात, कणीक, ब्रेड, शेव, मुरमुरे घेऊन. श्वास कोंडलेला मासा कसला खातोय? निम्म्याहून जास्त तळाशी जाऊन कुजतं आणि दुसऱ्या दिवशी श्वास आणखी कमी पडतो. बाबांना हे कळलं असतं तर ते आधी त्याचं गणित मांडून बसले असते आणि मग दिवसभर कोणाशी बोलले नसते.

तुझ्या मूठभर कणकेने तळं मेलं असं मी म्हणत नाही आणि कोणाला म्हणू देणार नाही. खरा गुन्हेगार तो नाला. पण आमच्या साहेबांना बोर्ड लावायचा होता तो फक्त आट्याविरुद्ध. नाल्याचं काम मोठं, त्याची फाईल वर गेलीय, ती कधी खाली येईल देव जाणे. मी सांगितलं, सगळा दोष घाटावरच्या म्हाताऱ्या बायकांवर लोटणारा बोर्ड माझ्या हातून लागणार नाही. बरीच वादावादी झाली. मी आवाज चढवला, तुझ्यासारखाच, परीक्षित तर खोली सोडून गेला. शेवटी ठरलं, की बोर्डावर आधी नाल्याच्या सांडपाण्याचं नाव येईल आणि त्याच्या खाली माशांना काही घालू नका ही विनंती. नालाही मी सोडणार नाही, हा माझा शब्द आहे.

आई, तो बोर्ड उद्या सकाळी लागतोय, तुमच्याच पायरीपाशी. मुरलीधरने तुझा डबा अडवावा आणि तुला सगळ्यांदेखत कळावं, हे मला सहन झालं नसतं, म्हणून आजच हे पत्र. आणि दुसरं म्हणजे मला भीती वाटते. तू पुन्हा पडदे ओढशील याची. कणीक मळू नकोस, पण ये. रोजच्याच वेळेला, शाल घेऊन ये. यापुढे पहाटेचे नमुने मी स्वतःच घेणार आहे, परीक्षितला सांगून ठेवलंय. मासे सावरले की ते खालीच राहतील, त्यांना वर यायचं कारण उरणार नाही. तेव्हा एखाद्या सकाळी पाण्यावर एकही तोंड दिसलं नाही, तर रडू नकोस, समज की तुझ्या पोरांना खाली श्वास मिळतोय. आणि वर पायरीवर तुझी ही एक पोर बसलेली असेल, तुझी वाट बघत.

तुझीच, अजूनही तुझ्या रागाला भिणारी,
हिमानी