कळलावी आणि पाटी

४ ऑगस्ट
लिहायला बसले, कारण बोलायला बंदी आहे. उभा जन्म मुलींना कवायत शिकवताना ओरडले. घशात गाठ झाली, ती नांदेडला काढली. डॉक्टर म्हणाले, "दीड महिना एक शब्द नाही!" बाजारातून पाटी आणली. पण पाटीवर नीट रागावता येत नाही. म्हणून ही वही.

५ ऑगस्ट
सुनेनं, अबोलीनं, माहेराहून कंद आणून मला न विचारता तारेच्या कुंपणाशी लावला होता. वेल आता माझ्या डोक्याच्या वर! कळलावी.

शेजारच्या गंगूताई फाटकातूनच – "मॅडम, उपटा ती! कळलावी दारात असली की घरात रोज भांडण. सुनेनं आणली अन् तुमी ठेवून राहिल्या?"

शुद्ध अंधश्रद्धा. मी बी.एस्सी. आहे. पण न विचारता लावली ना? उपटणारच.

९ ऑगस्ट
पाटीवर लिहिलं – 'वेल काढून टाक.' अबोलीनं वाचलं. मग म्हणाली, "आई, आमच्या पुसेगावच्या बांधावरची हाय ही. शेत रस्त्यात गेलं, बांधबी गेला. मुरूम पडायच्या आधी बाबांनी एवढा कंद काढून दिला. तिथलं दुसरं काहीच न्हाई राहिलं."

बोलता येत असतं तर पहिल्याच वाक्याला तोडलं असतं तिला.

पाटी पुसली.

१५ ऑगस्ट
पानाचं टोक वळवून हा वेल हाताला लागेल ते धरतो. तार, दोरी – आज वाळत घातलेली माझी साडी! सोडवली. तोडला नाही.

२४ ऑगस्ट
फूल! आधी हिरवट, मग पिवळं, आज वरून लालभडक. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, चुलीतल्या जाळासारख्या. अबोली म्हणते, "वेल विषारी असतो आई, कंद तर लईच. हात धुवा." मला सांगते!

धुतले.

२ सप्टेंबर
ही मुलगी किती बोलते! "आधी तुमी गप बसल्या की भीतीच वाटायची," म्हणाली. आज अंगणात माझी नक्कल केली – "सावधान! पोट आत!" हुबेहूब. मला हसायलाही बंदी. हाल झाले.

१६ सप्टेंबर
नांदेडला तपासणी. घसा बरा. अबोलीनं विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" पाटीवर लिहिलं – 'अजून पथ्य.'

२९ ऑक्टोबर
वेल वाळला. गंगूताई आल्या. आवाज चक्क खाली!

"मॅडम, बघून राहिले मी. तुमच्या घरातून पावसाळाभर भांडणाचा आवाज न्हाई. अन् आमच्याकडं मी अन् आमची पूजा, सासू-सुना – दिवस उगवला की सुरू! ह्या वेलातच काहीतरी हाय. एक कंद द्या की!"

मी अबोलीकडं पाहिलं. तिनं मान डोलावली.

३० ऑक्टोबर
बोलायची परवानगी सप्टेंबरातच मिळाली होती. आज वापरली – "अबोली, कंद काढ गं, ताईंना द्यायचाय." तिच्या हातून खुरपंच पडलं!

गंगूताईंना दिलं: कळलावीचा एक कंद, कागदात गुंडाळून, वर 'विषारी' असं लिहून. आणि माझी पाटी, पेन्सिलीसकट. ती सोबत नसली तर वेल लागू पडत नाही.