हिलालच्या मांडीतला रॉड

१२ जून १९८८
आज काठी सोडली. ओट्यापासून हिलालच्या दारापर्यंत तसाच गेलो. त्याच्या उजव्या मांडीत रॉड, माझ्या डाव्या. एकाच राजदूत फटफटीवरून एकाच म्हशीवर आदळलो, धुळ्याला एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी पडलो. हिलाल म्हणाला, "म्हशीले काहीच नई, आनि आपुन लोखंडना व्हई गऊत."

२ जुलै
आभाळ भरलं की मांडी ठणकते. शेजारचा तोताराम रोज विचारायला येतो, पाऊस येईल का. हिलालने त्याला मांडी थोपटून दाखवली - "हाई आकाशवाणी जळगाव शे." हिलालची बायको कमलबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

९ ऑगस्ट
पांझरेला पूर. हिलाल सकाळी मळ्यातली मोटर काढायला गेला. मोटर काठावर सापडली. हिलाल नाही.

११ ऑगस्ट
काठाने खालपर्यंत जाऊन आलो. काही नाही. त्याची आई तानुबाई ओट्यावर बसून आहे. भाकरी परत लोटते. "पोऱ्या दिखाले पाहिजे, मंग खासू." कमलबाई समोर ताट घेऊन बसते आणि उचलून नेते.

१४ ऑगस्ट
सापडला. खालच्या गावाशी, बाभळीत अडकलेला. चेहरा राहिला नव्हता म्हणतात. कमलबाईनेच पोलिसांना सांगितलं - तोच. मी लंगडत पोहोचलो तोवर कापडात बांधून ठेवला होता. दुपारी अग्नी दिला. घरी आल्यावर तानुबाई रडली, आणि मग दोन घास खाल्ले.

१६ ऑगस्ट
राख सावडायला गेलो. मांडी घालून बसता येत नाही म्हणून दगडावर बसलो. मनात एकच - रॉड कमलबाईच्या नजरेस पडायच्या आत उचलायचा. वॉर्डात हिलालनेच डॉक्टरांना विचारलं होतं, मेल्यावर याचं काय. ते म्हणाले, चितेत हाड जातं, हा राहतो. मग हिलाल म्हणाला होता, "मंग भंगारमां मना भाव येई."
काठीने उकरलं. हाडं निघाली. पुन्हा उकरलं. तोताराम म्हणाला, "काय धुंडी ऱ्हायना, भाऊ?" काही नाही म्हणालो.
रॉड नव्हता.

१७ ऑगस्ट
मग आम्ही जाळलं कोणाला?
आणि हिलाल कुठे आहे?
मांडीवर हात ठेवला की वरच्या टोकाला चामडीखाली रॉड टोचतो. दिवसभर तिथेच हात जातो. त्याचा पाय अजून कुठेतरी चिखलात आहे. किंवा चालतो आहे.

२२ ऑगस्ट
राहवलं नाही. कमलबाई गोठ्यात शेण भरत होती. सांगितलं. तिने हात थांबवला नाही.
"माले माहीत शे, भाऊ. मांडीवर टाकानी खूण नई व्हती."
"मग हो का म्हणालीस?"
"सासू मरी जाती."
पाटी उचलून डोक्यावर घेतली. दोन पावलं गेली, मग वळली. "आनि तो बी कोना तरी पोऱ्याच व्हता ना. त्याले कोन आग देतं?"
कोणाला सांगणार नाही, एवढं म्हणालो.

२३ ऑगस्ट
दहावं झालं. कावळा शिवला नाही. तानुबाई म्हणाली, मोटरीत जीव अडकला असेल. शेवटी दर्भाचा कावळा केला. कमलबाई खाली बघत उभी होती. मीही.

३१ ऑगस्ट
पिंपळनेरहून बिजलीबाई नावाची एक बाई आली. नवरा पुरात गेला, अजून सापडला नाही. नदीच्या काठाकाठाने, गावोगाव विचारत आली आहे. तानुबाईने तिला घरात घेतलं, जेवायला वाढलं, हिलालचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमना तं सापडी गया, माय. तुमी नशीबवान."
कमलबाई चुलीपासून उठली आणि तिच्यासमोर जाऊन बसली.