पाणी दाराकडे गेलं

प्रिय वेदांग,

अल मनखूलच्या त्याच रिकाम्या फ्लॅटमध्ये फरशीवर बसून लिहितेय. वॉचमन खैरुद्दीनचाचांना वाटलं, पडद्यांची मापं घ्यायला आलेय. फोन केला असता तर तू मला हसवून विषय बदलला असतास, म्हणून कागद.

रोममध्ये गटाराची देवी होती, माहितीये? क्लोआकिना. छोटंसं देऊळही होतं तिचं. मागे एप्रिलच्या पावसात आमच्या अल नहदात पाणी तुंबलं, टँकर लावून उपसत होते, तेव्हा घरात अडकून मी हेच बघत बसले होते. रोमचं मोठं गटार अडीच हजार वर्षांचं आहे आणि अजून त्यातून पाणी जातं. डोंगरातलं पाणी शहरात आणायचे, तेही मोटारीशिवाय! किलोमीटरला कुठे कुठे जेमतेम हातभर उतार. कमानीचं तर मी सांगितलंच नाही, दगड एकमेकांना रेटूनच... जाऊ दे, भरकटले.

मुद्दा ढाळाचा. बाबांनी शारजात जन्मभर प्लंबिंगची कंत्राटं घेतली. कुठलंही घर बघताना ते आधी बाथरूममध्ये मगभर पाणी ओतून ढाळ जाळीकडे आहे का बघतात, मग बाकीचं. परवा तू नि तुझी आई मला हे घर दाखवत होतात, तेव्हा मीही तेच केलं. सुलभाकाकू म्हणाल्या, "अगं, तू घर बघायला आलीस की मोरी?" तू खो खो हसलास. मीही हसले. पाणी मात्र जाळीकडे न जाता दाराकडे निघालं. मग काकू मला किचन दाखवायला घेऊन गेल्या, आणि पॅसेजमधल्या कपाटाच्या आरशात मला तू दिसलास. पायानं पाणी जाळीकडे ढकलत होतास. बाहेर येऊन म्हणालास, "बघ, गेलं. खलास!" तुझा मोजा ओला होता.

त्या मोज्यानं माझी झोप उडवलीय रे. इतकं प्रेम कोण करतं? पण मी डिप्लोमा सोडला, फुजैराला डायव्हिंगवाल्यांकडे राहिले, रास अल खैमाच्या डोंगरात कॅम्पवर राबले, आणि दर वेळी तू मला परत आणलंस. तुझ्या मामांच्या ऑफिसात चिकटवलंस. काकूंना सांगत राहिलास, "रुळतेय ती, इन्शाल्ला." मी रुळत नव्हते. तू पायानं ढकलत होतास.

आज पुन्हा मगभर ओतलं. ढकलायला कोणी नव्हतं. सरळ दाराशी जाऊन थांबलं.

रविवारी तू भाडेकरारावर सही करणार आहेस, आणि त्याआधी तुला लग्नाबद्दल माझं उत्तर हवंय. सही करू नकोस, वेदांग. घर चांगलं आहे, तू तर त्याहून चांगला. ढाळ माझा दुसरीकडे आहे. फरशी पुसलीय. किल्ली चाचांकडे ठेवते. पाय कोरडे ठेव.

इथवर तरी तुझीच,
अंतरा